आतली कडी

सवयीने त्याचा हात वर गेला आणि नुसत्या लाकडाला लागला. बाथरूमच्या दाराची आतली कडी जागेवर नव्हती. इतकी वर्षं ती जिथे होती तिथे आता फक्त स्क्रूची भोकं होती आणि त्यांच्याभोवती रंगाचा एक फिकट चौकोन, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवल्यावर राहतो तसा. खांद्यावर टॉवेल, हातात दाढीचा ब्रश अशा अवतारात तो त्या चौकोनाकडे बघत राहिला. कडी मोडून पडली असती तर तुकडा तरी दिसला असता. ही कोणीतरी सावकाश, नीट, लाकडाला ओरखडाही न येऊ देता काढून नेली होती. मग त्याने रेझर शोधलं. तेही नव्हतं. त्याने दार किलकिलं करून बाहेर डोकं काढलं. "अगं, कडी कुठे गेली?" बायको खिडकीपाशी कोणाच्या तरी कोटाची बाही मांडीवर घेऊन रफू करत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊजींनी काढली. काल तुम्ही कामावर होतात तेव्हा येऊन गेले." "आणि रेझर?" "तेही तेच घेऊन गेले. म्हणाले, दाढी बाहेरून करून येत जा म्हणावं त्याला." "अरे वा! आणि हा उपद्व्याप कशासाठी?" तिने दोरा दाताने तोडला, बाही उजेडाकडे धरली, भोक होतं तिथे आता काहीच दिसत नाही ना हे बघितलं आणि म्हणाली, "तुमची नवी गोष्ट वाचली त्यांनी."

त्याला आधी हसूच फुटलं. थोरल्या भावाचं, दादाचं, हे असंच. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, निवृत्त झाला तरी खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच, आणि जगातली कुठलीही अडचण काहीतरी घट्ट केलं किंवा काहीतरी सैल केलं की सुटते यावर त्याची गाढ श्रद्धा. नव्या गोष्टीतला माणूस बाथरूमला आतून कडी लावून बसतो. घरचे हाका मारतात, मग दार वाजवतात, मग थकतात. शेवटी ती माणसं जेवायला बसतात आणि कडी लागलेलीच राहते. एवढीच गोष्ट. संपादकाने ती मासिकाच्या पहिल्या पानापासून लावली होती, आणि वाचून झाल्यावर फोन करून घसा खाकरत विचारलं होतं, "तुम्ही बरे आहात ना? नाही, म्हणजे गोष्ट अप्रतिमच आहे. बरे आहात ना पण? आणि पुढची कधी देताय?" तेव्हाही तो हसला होता. आता दादाने फोनवरून नवीनच फर्मान काढलं की जो कोणी आत असेल त्याने मोठ्याने गात राहायचं, म्हणजे बाहेरच्यांच्या जिवाला घोर नको. त्या दिवसापासून हा गडी अंगावर तांब्या ओतता ओतता गळा काढायला लागला. सुराशी त्याचं जन्मात कधी जमलं नव्हतं. शेजारची बाई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "हल्ली फारच आनंदात दिसता." बायको अंघोळीला गेली की मात्र आतून बारीक गुणगुण यायची, शब्द नसलेली, एकाच पट्टीतली. ती ऐकू येते का नाही इकडे कोणी कान देत नव्हतं. नियम तिच्यासाठी नव्हताच मुळी.

पोटासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. त्या ठशात प्लास्टर ओतलं की बोळका जबडा तयार होतो, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा आणि मग त्याची पक्की कवळी करायची. काम नाजूक, जागा कोंदट, टेबलावर ओळीने मांडलेले पांढरे जबडे. लोकांना वाटायचं की त्याच्या गोष्टी अशा उदास त्या जबड्यांमुळे होतात, दिवसभर अशा गोष्टींत बसणाऱ्या माणसाला गोड कसं सुचणार? पण जबड्यांची त्याला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती पालींची. बाकी माणूस म्हणून तो अगदी उघडा, खुशालचेंडू. जेवताना दोनदा वाढून घ्यायचा, उशीला डोकं टेकलं की घोरायचा, ओळखीच्यांना रस्त्यात अडवून विनोद सांगायचा आणि सांगण्याआधी स्वतःच हसायचा. आणि लिहायला बसला की कागदावर उतरायची ती माणसं वेगळीच असायची. अर्ध्या जिन्यात थांबलेली, आपल्याच हातांकडे परक्यासारखी बघणारी, भरल्या घरात बसून हळूहळू ऐकू येईनासं झालेली. कोणी विचारलं तर त्याचं उत्तर तयार असे: गोष्ट वेगळी, लिहिणारा वेगळा. चोरावर लिहिलं म्हणून कोणी खिसा कापत नाही. हे तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा, आणि ते खरंही होतं. त्या माणसांतलं एकही त्याच्यासारखं नव्हतं. मग कोणासारखं होतं, हा प्रश्न त्याला कोणी घातला नव्हता आणि त्यानेही स्वतःला कधी घातला नव्हता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दादा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर दादाचे जुने स्नेही. सहज आलोय असं दाखवत चहा प्यायले, भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे वळले. "झोप कशी आहे?" "उत्तम." "भूक?" "हिला विचारा." बायको म्हणाली, "दोनदा वाढून घेतात." डॉक्टरांनी दादाकडे बघून मान हलवली, जणू काही दोनदा वाढून घेणं हेच वाईट लक्षण होतं. "अशी माणसं वरून हसतमुखच असतात," ते दादाला हळू आवाजात म्हणाले, पण खोली एवढीशी की ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. तो चिडला. म्हणाला, मला काही झालेलं नाही. त्यावर तर त्या दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की त्याला कळून चुकलं, इथून पुढे आपण काहीही बोललो तरी ते आपल्यावरच उलटणार. मग डॉक्टरांनी बॅगेतून गोळ्यांची बाटली काढली आणि त्याला ओलांडून, त्याच्या डोक्यावरून म्हणावं तशी, बायकोकडे दिली. "झोपेच्या आहेत. यांच्या हाताला लागू देऊ नका. रोज एक, तुमच्या हाताने. बाकी कुलपात." तिने ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. दादा म्हणाला, "आता सगळं तुझ्यावर आहे बघ. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. मी रोज संध्याकाळी फोन करीन." ती हो म्हणाली. मग थोड्या वेळाने, कपबश्या उचलताना, तिने विचारलं, "आणि मला जाग आली तर? म्हणजे मला झोपच लागली नाही तर?" डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले, "तर यांच्याकडे बघा. श्वास नीट चाललाय ना, तेवढं बघत जा." ती पुन्हा हो म्हणाली आणि कपबश्या आत घेऊन गेली.

गोळी त्याने एकदाही घेतली नाही. रोज रात्रीच्या जेवणानंतर ती तळहातावर गोळी ठेवून समोर उभी राहायची आणि तो म्हणायचा, "ठेव बाई परत. मला कशाला? मी आत्ता पाच मिनिटांत घोरायला लागेन." "ठेवते," ती म्हणायची आणि ठेवून यायची. मग दादाचा फोन यायचा आणि ती सांगायची, "हो, ठीक आहेत. हो, जेवले. हो, बसलेत समोर." खरं तर त्याला आता हे सगळं थोडंफार आवडायलाही लागलं होतं. रागावणं चार दिवस टिकलं, मग त्यात एक मानही वाटायला लागला. घरातली सुरी दिसेनाशी झाली आणि भाजी बाहेरून चिरून यायला लागली. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. बहिणीने दूरवरून फोन करून रडून घेतलं. एका गोष्टीने एवढी माणसं हादरतात म्हणजे लेखणीत काहीतरी असणारच, असा विचार त्याच्या मनात चोरपावलांनी यायचा आणि तो त्याला हाकलायचा नाही. बायकोला तो म्हणालासुद्धा, "बघ, माझ्या एका कडीने सगळं घर सुटं करून टाकलं." ती हसली. तिचं हसणं हल्ली जरा उशिरा यायचं, बोलून झाल्यावर थोडा वेळ जायचा आणि मग यायचं. हे त्याच्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊन त्याने काय केलं, तर एका पात्राला ते हसू देऊन टाकलं.

कामावर मालकाने त्याच्या टेबलावरचा स्पिरिटचा दिवा आणि मेण कोरायची सुरी उचलून दुसऱ्याकडे दिली. "काही दिवस तुम्ही नुसते ठसे भरा," तो म्हणाला, डोळ्याला डोळा न देता. मालक भला माणूस, गोष्टी-बिष्टी वाचणाऱ्यांतला नव्हे, पण आता सगळेच वाचत होते म्हणून त्यानेही मासिक मिळवलं होतं, आणि त्याच्या गल्ल्यावर आधीचाही एक जुना अंक दिसत होता. त्या दुपारी कामाला जरा उसंत होती तेव्हा तो स्टूल ओढून जवळ बसला. "एक विचारू? रागावू नका. ते तुम्ही लिहिलंय ना, की सगळे बोलत असतात आणि आवाज काचेपलीकडून आल्यासारखे येतात, नुसती तोंडं हलताना दिसतात. तसं होतं का हो तुम्हाला?" "छे हो! माझे कान चांगले तिखट आहेत." "आणि ते हाताचं? सकाळी उठलं की हात जड वाटतात, दुसऱ्या कोणाचे तरी सांभाळायला ठेवल्यासारखे?" "अजिबात नाही." मालकाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग आठ्या आल्या. "मग तुम्हाला कळलं कसं?" तो म्हणाला, "सुचतं." मालकाला ते पटलं नाही, पण लेखकाशी वाद कसा घालायचा हे त्याला माहीत नव्हतं. तो उठून गेला. जाता जाता पुटपुटला, "मला तर नसतं बाबा सुचलं. झाल्याशिवाय कसं कळेल हातांचं?"

त्याने पुढचा ठसा उचलला. ठशाबरोबरची चिठ्ठी गळून कुठेतरी पडली होती, त्यामुळे तोंड कोणाचं ते कळत नव्हतं. त्याने प्लास्टर कालवलं, ठसा थरथरणाऱ्या यंत्रावर टेकवून बाजूने थोडं थोडं सोडायला लागला, म्हणजे आत बुडबुडा राहत नाही. ठशावरून त्याला माणूस वाचता यायचा. हा झोपेत दात खात असणार, हा एकाच बाजूने चावतो, हिने कधीतरी तोंड खूप घट्ट मिटून दिवस काढलेत. इतकी वर्षं हजार तोंडं त्याच्या हातांतून गेली, आणि त्यातलं एकही आपलं आहे असं त्याला चुकूनही वाटलं नव्हतं. ओल्या प्लास्टरची ऊब बोटांना लागली. ठसा म्हणजे पोकळी. ज्याचं तोंड असतं तो केव्हाच उठून घरी गेलेला असतो. कारागिराला फक्त त्याच्या नसण्याचा आकार मिळतो, आणि तो तेवढा हुबेहूब भरतो. काचेपलीकडून आवाज. हे वाक्य कुठे भेटलं होतं आपल्याला? सुचलं होतं, पण कुठे बसलो असताना सुचलं होतं? आणि ते त्याला आठवलं, अगदी सरळ आठवलं. दादाच्या घरी. पुतण्याचं लग्न ठरलं म्हणून सगळे जमले होते, हसण्याखिदळण्याला ऊत आला होता. ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, काय गं, अशी काय बसलीस? तेव्हा ती म्हणाली होती. अगदी साध्या आवाजात, काचेपलीकडून आवाज येतात मला, नुसती तोंडं हलताना दिसतात. आणि तो? तो खूश झाला होता. "थांब, पुन्हा म्हण," म्हणाला होता. तिने पुन्हा म्हटलं होतं. मग त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली होती आणि म्हणाला होता, "तुला काय एकेक सुचतं गं!"

प्लास्टर भांड्यात घट्ट व्हायला लागलं आणि त्याचं लक्ष नव्हतं. आता एकामागून एक येत गेलं, नको म्हटलं तरी. हातांचं वाक्य ती अंथरुणात उठून बसली होती तेव्हाचं, सकाळचा कोवळा उजेड खोलीत आला होता आणि ती हात मांडीवर उपडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. त्याने पांघरुणातूनच विचारलं होतं, कोणाचे गं? आणि ती म्हणाली होती, तेच तर आठवत नाही. ते उत्तरसुद्धा त्याने गोष्टीत जसंच्या तसं घेतलं होतं, त्याचं कौतुकही झालं होतं. जिन्याचं वाक्य बहिणीकडे जाताना: उतरताना वाटतं शेवटची पायरी कोणीतरी काढून नेलीय, तरी पाय पुढे टाकावासा वाटतो. तेव्हा तो तिच्या पुढे दोन पायऱ्या होता. त्याने वळून बघितलं होतं, पण तिच्याकडे नाही, वाक्याकडे बघितलं होतं. रफू करता करता एकदा ती म्हणाली होती, भोक बुजतं खरं, पण जातं कुठे? आत जाऊन बसत असणार. त्यावर त्याने सबंध गोष्ट बेतली होती. आणि कडी. ती कडीची गोष्ट तर उन्हाळ्यातली. घरी पाहुणे होते, ती अंघोळीहून फार उशिरा बाहेर आली, तो वैतागून म्हणाला, काय करत होतीस एवढा वेळ? ती म्हणाली, काही नाही. कडी लावली की बरं वाटतं. तेवढा वेळ कोणाला उत्तर द्यायचं नसतं. तो वैताग विसरला. तो त्याच दिवशी लिहायला बसला. आणि संध्याकाळी तिने विचारलं, "चालेल का ते?" हो, हेही विचारायची ती अलीकडे. सांगून झालं की हळूच विचारायची, चालेल का? आपल्या जिवाचं असं काही काढून देत होती आणि वर विचारत होती, चालेल का. आणि हा म्हणायचा, चालेल काय, धावेल!

तो नवकथाकार वगैरे होता, त्याला या सगळ्यामागे काहीतरी कारण हवं होतं. त्याने तिच्या आयुष्यात कारण शोधलं, घाईघाईने, खिसे चाचपावेत तसं. लहानपण? चारचौघींसारखं. मूल झालं नाही, पण त्याचं दुःख दोघांनी मिळून केव्हाच आवरलं होतं, निदान त्याने तरी आवरलं होतं. दोघांनी मिळून, हे कोणी ठरवलं? आणि मग, हातातला ठसा तसाच भांड्यात टाकून, तो उभाच राहिला, कारण सगळ्यात शेवटी जे आठवायला हवं होतं ते सगळ्यात शेवटीच आठवलं. बाटली. झोपेच्या गोळ्यांची सबंध बाटली, जिच्यातली एकही गोळी कमी झाली नव्हती, कारण तो रोज रात्री मोठेपणाने म्हणत होता, ठेव बाई परत. कुलूप तिचं. किल्ली तिची. सगळ्यांनी मिळून, दादाने, डॉक्टरांनी आणि त्याने स्वतः, ती बाटली शोधून शोधून नेमकी तिच्याच हातात दिली होती. वर बजावलं होतं, लक्ष ठेव. आणि तिची कडी काढून घेतली होती.

त्याने मालकाच्या टेबलावरून घरी फोन लावला. वाजत राहिला. वाजत राहिला. मग तिने उचलला. "हॅलो." तिचा आवाज नेहमीचा होता, आणि नेहमीचा आवाज म्हणजे काय हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी पानं लिहिली, आणि बायकोला बरी आहेस का हे विचारायला त्याच्याकडे वाक्य नव्हतं. "काय करतेस?" तो म्हणाला. "काही नाही. आवरत होते. लोकांचे कपडे देऊन टाकले सगळे. राहिलेले पण." "राहिलेले म्हणजे? रफू न करताच?" "हो. म्हटलं, कशाला अडकवून ठेवायचे." मग ती म्हणाली, "भाऊजींचा फोन आला की सांगते तुम्ही बरे आहात म्हणून. काळजी करू नका." "ऐक," तो म्हणाला. "मी येतोय." "बरं," ती म्हणाली, आणि तिने ठेवला. मालक दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की याला ओरडावंसं वाटलं. "जा, जा. अगदी जा. सोबत येऊ का?" मालक म्हणाला. "गाडीसमोर-बिमोर नीट बघून चाला हं."

रस्ता रोजचाच होता. चष्म्याचं दुकान, त्याच्या पुढे टायर बदलणारा, मग बंद पडलेला कारखाना आणि त्याची लांबच लांब भिंत. उन्हं उतरणीला लागली होती. भिंतीच्या कडेने तो आधी झपझप चालला, मग पळायला लागला, पोट सुटलेल्या माणसाला पळता येतं तेवढं. पळताना त्याच्या डोक्यात, आणि या गोष्टीसाठी त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही, एक गोष्ट आपोआप लिहिली जात होती. एक माणूस भिंतीच्या कडेने पळतोय, घरी बायको एकटी आहे, तो वेळेवर पोचेल का? त्यात शेवट होता, आणि तो शेवट चांगला होता. आजवर त्याच्या सगळ्या गोष्टींचे जसे होत आले तसाच. कोणाला वाचवायचं नाही, हळहळायचं नाही, नुसतं दाखवायचं, हा त्याचा मोठा अभिमान. आपण दाखवत होतो ते कोणाला? तिने प्रत्येक गोष्ट वाचली होती. छापून आली की सगळ्यात आधी तीच वाचायची. म्हणजे आपलंच बोलणं तिला छापून परत मिळायचं, आणि प्रत्येक वेळी शेवटी घरातली माणसं जेवायला बसायची. जिना चढताना त्याला धाप लागली. वरच्या पायरीवर पाय टाकताना क्षणभर ती पायरी आहे की नाही याची त्याला खात्री वाटेना, आणि तेव्हा कुठे त्याला ते वाक्य कळलं, लिहून कितीतरी वर्षं झाल्यावर.

त्याने कुलूप उघडलं. आत खिडकीपाशी तिची जागा झाडून लख्ख केलेली होती. तिथे कायम असणारा दुसऱ्यांच्या कपड्यांचा ढीग नव्हता. सुया पिनकुशनमध्ये सारख्या उंचीवर टोचून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरात त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. एकट्याचं. बाथरूमचं दार लोटलेलं होतं आणि आत नळ चालू होता. गुणगुण येत नव्हती. तो दारापाशी गेला आणि थांबला. इतक्या वर्षांची सवय, बंद दार वाजवायचं असतं. त्याने वाजवलं. "अगं." नळ वाहत होता. त्याच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, बाहेरच्या बाजूनेही आता दिसत होती ती स्क्रूची भोकं, आरपार, आणि त्यांच्यातून आतल्या दिव्याचा उजेड येत होता. कडी असती तर तो इथेच उभा राहिला असता, हाका मारत, आपल्याच गोष्टीतल्या माणसांसारखा. त्याने दार ढकललं.

ती उपड्या बादलीवर बसली होती. अंगावर घरातलीच साडी, केस विंचरलेले. मांडीवर बाटली होती आणि तिच्यावर तिचे दोन्ही हात उपडे ठेवलेले होते. तो गुडघ्यांवर बसला, फरशी ओली होती, आणि त्याने ते हात बाजूला केले. बाटलीचं झाकण लागलेलं होतं. त्याने ती हलवून बघितली, उजेडाला धरून बघितली. भरलेली होती. त्याने ती उचलून दारातून लांब बाहेरच्या खोलीत भिरकावली आणि त्याला रडू फुटलं, मोठ्याने, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. ती त्याच्याकडे जरा नवलाने बघत होती, जणू हे कोणाबद्दल चाललंय ते तिला नीटसं कळत नव्हतं. मग ती नळाकडे बघत म्हणाली, "गाणं नाही जमत मला. पाणी चालू ठेवलं की आपण आत आहोत असं बाहेरच्याला वाटतं."

वाक्य पडलं आणि त्याच्या आत कुठेतरी लगेच जागा झाली त्यासाठी, जुन्या नोकरासारखं काहीतरी धावत पुढे आलं, हात पसरून. थांब, पुन्हा म्हण, हे त्याच्या ओठांवर आलंसुद्धा. त्याने ते दातांखाली धरलं. आजवर ऐकलेल्या तिच्या सगळ्या वाक्यांत हे सगळ्यात चांगलं होतं. त्याने नळ बंद केला. एकदम एवढी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, आणि मग तिचा. ती सवयीने म्हणाली, "चालेल का?"

"कधीपासून होतंय तुला हे?" त्याने विचारलं.

ती त्याच्या ओल्या गुडघ्यांकडे, प्लास्टर वाळून पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली. "तुमची पहिली गोष्ट आठवते?" "हो." "ती यायच्या आधीपासून," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये. तुम्ही तर सगळं लिहिलंत."

बाहेर फोन वाजायला लागला. दादाचा. त्याची वेळ झाली होती. ती उठायला लागली, सवयीने, सांगायचं होतं ना तिला, ठीक आहेत म्हणून. त्याने तिला अडवलं नाही आणि सोडलंही नाही. तिचा हात धरूनच तो बाहेरच्या खोलीत आला, वाटेत पडलेली बाटली पायाने कोपऱ्यात सारली, आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. पलीकडे दादा त्याचा आवाज ऐकून दचकलाच. "तू? तू कसा उचललास? ती कुठे आहे? तू काय केलंस?" त्याने तिच्याकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती, ते हलताना. तिला आवाज येत होता की नाही ते त्याला कळत नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "डॉक्टरांना घेऊन लगेच ये. नाही, मी ठीक आहे. ऐक ना. मीच ठीक आहे."